स्वयंपाकघराचा राखणदार

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. चिंच घातलेली आमटी कल्हई उडालेल्या पातेल्यात करायची नाही. लोणचं मुरवायचं ते चिनी मातीच्या बरणीत. कल्हई गेली की ते पातेलं माळ्यावर, थेट कल्हईवाला गल्लीत येईपर्यंत. माझ्या आजीला रसायनशास्त्र हा शब्दही माहीत नव्हता. पण भांडं अन्नात उतरतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आंबट पदार्थात ते जास्त उतरतं, हेही ठाऊक होतं.

आता आपल्या भांड्यांची जात बदलली. पत्र्याचे बंद डबे, प्लास्टिकच्या बाटल्या, चकचकीत पुड्या, पार्सलच्या वाट्या. यातलं काय अन्नात उतरतं, हे ना वासाने कळतं ना चवीने. इथे आजीचं शहाणपण अपुरं पडतं. कुणीतरी ते प्रयोगशाळेत नेऊन तपासावं लागतं आणि दोष सापडला तर बनवणाऱ्याला जाब विचारणारा कायदा असावा लागतो. आज आपण हे गृहीत धरतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशातही असा देशभराचा कायदा नव्हता. तो व्हावा म्हणून ज्याने आयुष्याची तीस-चाळीस वर्षं घालवली, आणि ज्याच्या पाठीशी तिथल्या घरोघरच्या बायका उभ्या राहिल्या, त्या माणसाची आज ओळख करून द्यायची आहे. त्यांचं नाव डॉ. हार्वी वॉशिंग्टन वायली.

मैत्रिणींनो, वायलींचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ चा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या केंट नावाच्या खेड्याजवळ, ओंडक्यांच्या घरात. वडील शेतकरी, शिवाय गावात धर्मोपदेशही करायचे. शेतावरच्या घरात दूध गोठ्यातलं, लोणी घरचं, पाक झाडाच्या रसाचा आणि पीठ स्वतःच्या धान्याचं. पानात आलेली वस्तू कुठून आली हे घरातल्या प्रत्येकाला माहीत. असं साधं, खरं अन्न खाऊन वाढलेला हा मुलगा पुढे शहरात गेला आणि तिथल्या दुकानांतल्या डब्या-बाटल्यांकडे कायम संशयाने पाहत राहिला, यात नवल नाही.

कॉलेजात असताना अमेरिकेचं यादवी युद्ध चालू होतं. वायली १८६४ मध्ये काही महिने सैन्यात जाऊन आले, मग पुन्हा पुस्तकं उघडली. १८७१ मध्ये डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांना रसायनशास्त्राची ओढ जास्त होती. हार्वर्डला जाऊन ते शिकले आणि १८७४ मध्ये नव्यानेच सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्या काळातली त्यांची एक गंमत सांगतात. या प्राध्यापकमहाशयांनी एक उंच चाकाची सायकल घेतली आणि गुडघ्यापर्यंतची विजार घालून ते गावातून रोज सायकलवरून कॉलेजला येऊ लागले. विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉलही खेळायचे. विश्वस्त मंडळींना हे अजिबात रुचलं नाही. त्यांनी वायलींना समोर बोलावून चांगलंच सुनावलं. लोक काय म्हणतील याची फिकीर न करण्याचा हा स्वभाव त्यांना पुढे फार उपयोगी पडला, आणि महागातही पडला.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये सरकारची अन्न तपासणारी स्वतंत्र प्रयोगशाळा होती. साखरेत काय मिसळलंय, पाकात काय मिसळलंय हे प्रकाशाच्या किरणांवरून ओळखणारं यंत्र त्यांनी तिथे शिकून घेतलं. परत आल्यावर इंडियानाच्या आरोग्य मंडळाने त्यांना बाजारातली साखर आणि पाक तपासायला सांगितलं. १८८१ मध्ये त्यांचा अहवाल आला. महागड्या पाकाच्या नावाखाली मक्यापासून केलेलं स्वस्त ग्लुकोज सर्रास विकलं जात होतं. मध विकणारेही चिडले आणि पाक विकणारेही. पण वायलींना आपलं काम सापडलं होतं.

१८८३ मध्ये ते वॉशिंग्टनला अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. पुढची २९ वर्षं ते त्याच खात्यात होते. १८८७ पासून त्यांच्या खात्याने एकेक खाद्यपदार्थ घेऊन तपासायला सुरुवात केली आणि निष्कर्षांच्या पुस्तिका काढल्या. दूध-लोणी, मसाले, चरबी, बेकिंग पावडर, साखर-मध, चहा-कॉफी असा तो क्रम होता. मिऱ्यांच्या पुडीत करवंटीचा भुगा, लोण्याच्या नावाखाली चरबी, कॉफीच्या नावाखाली साच्यातून काढलेले खोटे दाणे. आपल्याकडच्या भेसळीच्या बातम्या वाचल्यासारखंच वाटतं ना?

या मालिकेतली १८९३ ची पुस्तिका डबाबंद भाज्यांची होती, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच. कारण इथे वायलींची नजर पदार्थावरून उचलून डब्याकडे वळली.

तेव्हाचा डबा कसा असायचा ते आधी सांगते. लोखंडाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथलाचा मुलामा. म्हणजे आपली कल्हईच. डब्याच्या वरच्या बाजूला एक गोल भोक ठेवलेलं असे. त्यातून वाटाणे, टोमॅटो, मका भरायचा, भोकावर चकती बसवायची आणि वितळलेल्या धातूने झाळून डबा बंद करायचा. रेडिओ दुरुस्त करणारा तारा जोडायला जे वापरतो, तसलीच ही झाळ. आता कथील महाग आणि शिसं स्वस्त. त्यामुळे कारखानदार कथलात शिसं मिसळत. जर्मनीने १८८७ मध्येच याबाबत कायदा केला होता. अन्नाला लागणाऱ्या कथलाच्या मुलाम्यात शिसं शेकडा एक टक्क्यापेक्षा जास्त नको आणि आतल्या झाळीत शेकडा दहापेक्षा जास्त नको. अमेरिकेत मात्र असं कुठलंच बंधन नव्हतं. वायलींच्या सहकाऱ्यांनी डबे फोडून तपासले, तर काही डब्यांच्या मुलाम्यात शेकडा १२ टक्क्यांपर्यंत शिसं निघालं. झाळीत तर निम्मं शिसंच. एवढ्यावर भागत नव्हतं. झाळताना धातूचे थेंब आत गळत. भाजी नीट चाळून पाहिली तर झाळीचे बारीक मणी त्यात हमखास सापडत. शिवाय डब्यातला वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून काही जण त्यात चक्क मोरचूद घालत, ते वेगळंच.

शिसं थोडं थोडं शरीरात गेलं तर बहुधा लगेच काही जाणवत नाही. पोट दुखत नाही, उलटी होत नाही. ते साचत जातं. हाडांत बसतं, रक्तात उतरतं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तर ते थोडंसंही बाधतं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. १८९३ मध्ये एवढं सगळं कळलेलं नव्हतं. तरी रोज थोडं थोडं पोटात जाणारं हे विष घातक आहे, याची जाणीव वायलींना होती. त्यांनी ते सरकारी कागदावर छापून टाकलं आणि जर्मनीतल्यासारखं बंधन आपल्याकडे नाही हेही ठणकावून नोंदवलं.

कागद छापला, पण हललं काहीच नाही. १८८० पासून अमेरिकेच्या संसदेत शुद्ध अन्नाची शंभराहून जास्त विधेयकं आली आणि मावळली. कारखानदारांचे पैसे आणि वजन दोन्ही मोठं. वायलींच्या ध्यानात आलं की नुसत्या आकडेवारीने लोक जागे होत नाहीत. रसायनाने माणसाला काय होतं, हे माणसावरच दाखवायला हवं.

मग १९०२ च्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या कचेरीच्या तळघरात एक जेवणघर मांडलं. संसदेकडून ५००० डॉलर मिळाले होते. सरकारी कचेऱ्यांत काम करणारे १२ धडधाकट तरुण स्वखुशीने पुढे आले. त्यांना तिन्ही वेळचं जेवण फुकट, पण पगार नाही. अट एकच, तिथे मिळेल तेच खायचं, बाहेरचा घासही नाही. जेवण चांगलं, ताजं, आचाऱ्याने मन लावून केलेलं. फक्त त्यात त्या वेळी अन्न टिकवायला सर्रास वापरली जाणारी रसायनं मोजून घातलेली असत. सुरुवात टाकणखारापासून झाली. तो आधी लोण्यात घातला. तरुणांना चव कळली, त्यांनी लोणी खाणं सोडलं. मग दुसऱ्या पदार्थांत लपवून पाहिला, तेही जमलं नाही. शेवटी जेवताना सरळ कॅप्सूल द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाचं वजन, नाडी, ताप रोज लिहिला जाई. मलमूत्रही तपासलं जाई. टाकणखारानंतर सॅलिसिलिक आम्ल, गंधकापासूनचं आम्ल, बेन्झोइक आम्ल असं करत करत पाळी फॉर्मलिनच्या जातीच्या रसायनापर्यंत आली. ज्यात मेलेले प्राणी बुडवून ठेवतात, तेच तेव्हा दूध नासू नये म्हणून दुधात घालत!

तरुणांची भूक मेली. डोकं दुखायचं, पोट बिघडायचं, मळमळायचं. काही प्रयोग तर मध्येच थांबवावे लागले. वर्तमानपत्रांना खाद्यच मिळालं. त्यांनी या तरुणांना पॉयझन स्क्वॉड, म्हणजे विष खाणारी पलटण असं नाव देऊन टाकलं. त्यांच्यावर गाणी झाली, विनोद झाले. वायलींना हा थिल्लरपणा आधी आवडला नाही. पण ज्या गोष्टीकडे वीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, ती आता घराघरांत बोलली जात होती.

आजच्या शास्त्राच्या फूटपट्टीने मोजलं तर त्या प्रयोगात त्रुटी होत्या. माणसं फार थोडी. सगळे तरुण पुरुष, बाई एकही नाही, मूल नाही, म्हातारा नाही. आणि माणसांना असं रसायन खाऊ घालायला आज कुठलीही नीती समिती परवानगी देणार नाही. वायलींचा हिशेब सरळ होता. ज्या रसायनाने असे पैलवान गडी आजारी पडतात, ते तान्ह्या बाळाला आणि आजाऱ्याला काय करेल? या प्रश्नाला कारखानदारांकडे उत्तर नव्हतं.

आता मी येते माझ्या आवडत्या भागाकडे. हा कायदा एकट्या वायलींनी आणला असं तिथेही कुणी म्हणत नाही. तो आणला बायकांनी. लक्षात घ्या, त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बायकांना मताचा अधिकार नव्हता. देशभर तो मिळाला १९२० मध्ये. म्हणजे ज्या संसदेला कायदा करायचा होता, तिच्या सभासदांना निवडून देणं किंवा पाडणं बायकांच्या हातात नव्हतं. तरी गावोगावी त्यांची मंडळं होती. आपल्याकडे भजनी मंडळ असतं, महिला मंडळ असतं, तशीच. कुणी वाचनालय चालवायचं, कुणी गावचे रस्ते झाडून घ्यायचं.

न्यू जर्सी राज्यातल्या क्रॅनफर्ड या छोट्या गावात ॲलिस लेकी नावाच्या बाई होत्या. गावसुधार मंडळाच्या कामात पुढे असायच्या. १९०३ मध्ये त्यांनी कृषी खात्याला कळवलं की आमच्या मंडळात अन्नाच्या भेसळीवर बोलायला कुणीतरी पाठवा. खात्याने खुद्द वायलींनाच पाठवलं. त्या भाषणानंतर लेकीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. दुसऱ्या मंडळांत गेल्या, राज्याच्या महासंघात गेल्या, ठराव करून घेतले, बायकांना आपापल्या खासदाराला पत्रं लिहायला लावली. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना भेटायला जे शिष्टमंडळ गेलं, त्यात त्या होत्या. वायलीही वेळ काढून खेड्यापाड्यांतल्या अशा मंडळांत बोलायला जात. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या सभेपेक्षा त्यांना या सभांचा भरवसा जास्त वाटे. कारण इथे समोर बसलेली प्रत्येक जण रोज डबा उघडत होती.

१९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात एक दालन होतं. राज्यांच्या अन्न तपासनिसांनी बाजारातल्या जॅम-सरबतांतला रंग काढून त्यात रेशमाचे आणि लोकरीचे तुकडे रंगवून मांडले होते. पोटात जाणाऱ्या रंगाने कापड पक्कं रंगतं, हे बघून येणाऱ्या बायका थक्क व्हायच्या. भाषणाने जे होत नाही, ते अशा तुकड्याने होतं. त्यातच १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची जंगल ही कादंबरी आली. शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांतली घाण वाचून देश हादरला. मंडळांच्या पत्रांचा ओघ चालूच होता. शेवटी ३० जून १९०६ रोजी रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. लोक त्याला वायलींचा कायदाच म्हणू लागले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण कायदा होणं वेगळं आणि तो राबवणं वेगळं. त्या कायद्यात एक मोठी कमतरता होती. पदार्थ अपायकारक आहे हे सरकारने सिद्ध करायचं. तोवर विकणारा मोकळा. आणि डब्याच्या पत्र्याबद्दल, त्याच्या झाळीबद्दल तर त्यात वेगळं कलमच नव्हतं. वायलींचं म्हणणं उलट होतं. ज्याला अन्नात नवीन काही घालायचंय, त्याने ते निर्धोक असल्याचं आधी दाखवावं. खाणाऱ्याने का म्हणून परीक्षेला बसायचं?

१९०८ च्या जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये एक बैठक झाली. काही कारखानदार गाऱ्हाणं घेऊन आले होते. बोलता बोलता डबाबंद मक्यात साखरेऐवजी घातल्या जाणाऱ्या सॅकरिनचा विषय निघाला. वायली न राहवून मध्येच बोलले की हे डांबरापासून काढलेलं, तब्येतीला वाईट असलेलं रसायन आहे आणि ते साखर म्हणून खपवलं जातंय. झालं! रूझवेल्ट भडकले, कारण त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिनच देत होते. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांनी तज्ज्ञांचं एक वेगळंच मंडळ नेमलं आणि त्याच्या प्रमुखपदी इरा रेमसेन यांना बसवलं. सॅकरिनचा शोध ज्या प्रयोगशाळेत लागला, ती याच रेमसेन यांची. या मंडळाने बेन्झोइक आम्लाच्या क्षाराला थोड्या प्रमाणात हरकत नाही असं ठरवलं आणि वायलींचा शब्द मागे पडला.

इथे एक सांगायला हवं. वायली प्रत्येक बाबतीत बरोबर होते असं नाही. बेन्झोइक आम्लाचे क्षार ठरावीक मर्यादेत आजही सरबतांत, सॉसमध्ये चालतात. सॅकरिनलाही मर्यादेत परवानगी आहे. पण टाकणखार आणि फॉर्मलिन अन्नात घालायला आज बंदी आहे. आणि आधी तपासा, मग विका, हे त्यांचं मूळ म्हणणं काळाच्या कसोटीला उतरलं.

एका बाबतीत मात्र थोडी हालचाल झाली. कायद्यानंतर चार-पाच वर्षांत डबाबंद अन्नात उतरणाऱ्या कथलाला किलोमागे ३०० मिलीग्रॅमची मर्यादा घातली गेली. त्याच सुमाराला नव्या घडणीचा डबाही आला. त्याचं झाकण आणि तळ झाळण्याऐवजी कडा एकमेकींत दुमडून बसवत. वरून गळणारे शिशाचे थेंब थांबले. पण डब्याच्या अंगावरचा उभा सांधा शिशाच्या झाळीचाच राहिला. त्याला अजून हात लागायचा होता.

खात्यात वायलींचं जगणं अवघड होत गेलं. १९११ मध्ये एका तज्ज्ञाला नियमापेक्षा जास्त मानधन दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. देशभर आरडाओरडा झाला आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवलं. पण हात बांधलेलेच राहिले. १५ मार्च १९१२ रोजी त्यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी स्वयंपाकघराचा राखणदार गेला अशा अर्थाच्या बातम्या दिल्या. बायकांना ही बातमी घरातलं कुणी गेल्यासारखी लागली.

राजीनाम्यानंतर मोठमोठ्या पगाराच्या नोकऱ्या समोर होत्या. वायली गेले ते गुड हाउसकीपिंग या बायकांच्या मासिकात! वॉशिंग्टनमध्ये मासिकाची प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली सुरू झाली. बाजारातले खाद्यपदार्थ तिथे तपासले जात आणि निकाल वाचक बायकांपुढे ठेवला जाई. त्यांच्या तपासणीत न उतरलेल्या पदार्थाची जाहिरात मासिकाने छापायची नाही, अशी बोली होती. सरकारात राहून जे सांगू दिलं जात नव्हतं, ते त्यांनी बायकांच्या मासिकातून १८ वर्षं सांगितलं. बायकांची पुरवणी म्हणजे पाककृती आणि भरतकाम, असं नाक मुरडणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देते.

त्यांच्या संसाराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कृषी खात्यात ॲना केल्टन नावाची तरुणी कामाला होती. वायलींनी तिला मागणी घातली, तिने नकार दिला. पुढे दहा वर्षं त्यांनी तिचा फोटो घड्याळाच्या डबीत जपून ठेवला. मग एके दिवशी ट्राममध्ये दोघांची गाठ पडली आणि १९११ मध्ये लग्न झालं. तेव्हा ते ६६ वर्षांचे आणि त्या ३३ वर्षांच्या. दोन मुलगे झाले. ॲना काही नुसत्या डॉक्टरांच्या पत्नी म्हणून घरात बसल्या नाहीत. मतदानाच्या हक्कासाठी १९१७ मध्ये त्यांनी व्हाइट हाउससमोर निदर्शनं केली, अटक झाली, शिक्षा झाली. ज्या बायकांनी मत नसताना अन्नाचा कायदा आणला, त्यांना मत मिळवून देण्याच्या लढ्यात वायलींच्या घरातली बाईच पुढे होती.

१९२९ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात, वायलींनी आपल्या कायद्याची कशी मोडतोड झाली याचं एक सविस्तर पुस्तक लिहून स्वतःच छापून घेतलं. नावं घेऊन, कागदपत्रं देऊन. ३० जून १९३० रोजी ते गेले. कायद्यावर सही झाली त्याला त्या दिवशी बरोबर २४ वर्षं झाली होती. त्यांनी वाढवलेल्या खात्याचाच पुढचा अवतार म्हणजे अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन. त्याला हे नाव मिळालं तेही १९३० मध्येच.

त्यांच्या मागे काय झालं? १९३७ मध्ये न तपासता विकलेल्या एका औषधाने अमेरिकेत शंभरावर माणसं दगावली. त्यात मुलंही बरीच होती. मग १९३८ मध्ये नवा कायदा आला. अन्नाचं भांडं किंवा वेष्टन विषारी पदार्थाचं असेल आणि त्यामुळे आतला माल अपायकारक होत असेल, तर तो माल भेसळीचाच धरायचा, हे पहिल्यांदा स्पष्टपणे कलमात आलं. १९५८ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. वेष्टनातून अन्नात उतरू शकणारे पदार्थही तपासणीच्या कक्षेत आले आणि ते सुरक्षित असल्याचा पुरावा आधी देण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. म्हणजे वायलींचं म्हणणं मान्य झालं, पण ते जाऊन २८ वर्षं झाल्यावर. आणि तो शिशाच्या झाळीचा डबा? अमेरिकेतल्या कारखानदारांनी तो १९९१ मध्ये आपणहून थांबवला आणि त्यावर कायद्याने बंदी आली १९९५ मध्ये. वायलींनी डबा फोडून शिसं दाखवलं होतं १८९३ मध्ये. मध्ये १०२ वर्षं गेली. इतक्या वर्षांत किती घरांतल्या किती मुलांनी त्या डब्यातलं खाल्लं असेल, याचा हिशेब कोण देणार? धोका माहीत असणं आणि धोका हटणं, यात किती अंतर असतं ते मला या डब्याने शिकवलं.

आपल्याकडे १९५४ मध्ये भेसळ प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या नियमांत एक गोष्ट वाचून मला आजीची आठवण झाली. नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न विक्रीला अयोग्य, असं त्यात चक्क लिहिलं होतं. तसंच गंजलेल्या आणि टवके उडालेल्या भांड्यांचंही. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि २०१८ मध्ये वेष्टनांचे वेगळे नियम झाले. त्यात खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. छपाईची शाई गरम तेलकट भज्याला लागते आणि पोटात जाते, म्हणून. २०२३ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला हेच पुन्हा सांगावं लागलं. म्हणजे नियम आहे, पण गाडीवर वडापाव अजून कागदातच मिळतो. हे वाचताना तुमच्या हातात जो कागद आहे, तो वाचायचाच आहे, त्यात भजी बांधायची नाहीत!

आपण प्रयोगशाळा काढू शकत नाही, पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. कल्हई करून घेताना शुद्ध कथलाचीच मागा. स्वस्तातल्या कल्हईत शिसं असू शकतं. फुगलेला, चेपलेला, गंजलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. टिन उघडल्यावर उरलेलं अन्न काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. आइस्क्रीमचा रिकामा डबा, रंगाची बादली, शीतपेयाची बाटली यांत गरम आमटी, तेल, लोणचं भरू नका. डबा विकत घेताना त्यावर तो अन्नासाठी असल्याची खूण आहे का, ते उलटून पाहा. लोणचं, चिंच, कोकम, टोमॅटो ॲल्युमिनियममध्ये ठेवू नका. आणि भजीवाल्याला स्वच्छ कोरा कागद किंवा पानाचा द्रोण मागा. एकीने मागितला तर तो हसेल, दहा जणींनी मागितला तर आणून ठेवेल.

क्रॅनफर्डच्या मंडळाने तरी वेगळं काय केलं होतं? एक पत्र लिहून तपासनिसाला आपल्या गावात बोलायला बोलावलं होतं. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात अन्न आणि औषध प्रशासनाचे अधिकारी आहेत. हळदीकुंकवाला, भिशीच्या बैठकीला, बचत गटाच्या सभेला त्यांना एकदा बोलवा आणि आपले डबे त्यांच्यापुढे ठेवून विचारा, यातलं काय चालतं आणि काय नाही. बचत गटातर्फे पापड-लोणची विकणाऱ्या मैत्रिणींनी तर हे आधी विचारावं. आपण कशात भरून विकतो, हाही आपल्या मालाचाच भाग असतो.

मार्चमध्ये उन्हाळी कामं सुरू होतील. कुरडया, सांडगे, लोणची, मुरंबे. या वेळी पदार्थाच्या यादीच्या शेजारी बरण्या-डब्यांचीही यादी करा, आणि ज्याची खात्री नाही तो डबा धान्याच्या वरच्या फळीवर खिळे-मोळे ठेवायला काढून टाका.